ज्या प्रश्नाला मालक असतो

पाणीपुरवठ्याच्या पाठ्यपुस्तकात गणितं घालणारा माणूस मोठा उदार असतो. नळाची लांबी तो देतो, व्यास देतो, टाकीची उंची देतो, गावाची लोकसंख्या देतो. एवढ्यावर भागलं नाही तर हेझन-विल्यम्सच्या सूत्रातला ‘सी’ १०० धरा, हेही कंसात सांगून ठेवतो. मग उरतं काय? आकडे सूत्रात टाकायचे, कॅल्क्युलेटर दाबायचा आणि उत्तराखाली दुहेरी रेघ मारायची. मी सिव्हिलच्या मुलांना हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे, आणि ती दुहेरी रेघ मला अलीकडे खटकायला लागली आहे. रेघ मारली की मुलं पान उलटतात. पलीकडे पाणी पोचलं की नाही, हे बघायला कोणी थांबत नाही, कारण पलीकडे कोणी नसतंच.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ही उणीव भरून काढण्यासाठी असतो, असं अभ्यासक्रम म्हणतो. आमच्या मुंबई विद्यापीठात प्रोजेक्टच्या अहवालाला मुलं ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. काळं रेक्झिनचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आत सर्टिफिकेट, आभार, आणि मग कुठल्यातरी गोष्टीचं ‘डिझाइन अँड अ‍ॅनालिसिस’. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत बाइंडिंगबरोबर आतला मजकूरही मिळू शकतो, हे मुलांना ठाऊक असतं, आम्हाला ठाऊक असतं आणि व्हायवाला येणाऱ्या एक्स्टर्नललाही ठाऊक असतं. तरी सगळे गंभीर चेहऱ्यानं बसतात, चहा-समोसा होतो, मार्क पडतात. त्यातल्या कित्येक मुलांची मला कीव येते. ती आळशी नाहीत. ज्या प्रश्नाचं उत्तर कोणालाच नको आहे, तो सोडवायला रात्री जागून काय करायचं, हा त्यांचा हिशेब अगदी चुकीचा म्हणता येत नाही.

पुस्तकातल्या प्रश्नाला मालक नसतो. चुकलं तर दोन मार्क जातात, तहानलेलं कोणी राहत नाही. मुलांना गावात न्यायचं ते एवढ्यासाठीच, की मालक असलेला प्रश्न कसा दिसतो हे त्यांनी एकदा बघावं. ‘प्रत्यक्ष अनुभव’ वगैरे शब्द मी टाळते. अनुभव तर सहलीतही मिळतो.

आम्ही जातो ते शहापूर तालुक्यात. मुंबईकर पितात त्यातलं बरंच पाणी या तालुक्यातून आणि भोवतालच्या डोंगरांतून येतं. तानसा धरण १८९२ सालचं, भातसा त्यानंतर नव्वदेक वर्षांनी आलं. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो आणि मार्च उजाडला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर सुरू होतात. खाली काळा कातळ. त्यात पाणी मुरतं थोडं आणि धावतं फार. जे अडवलं जातं ते मोठ्या नळातून शहराकडे जातं. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी ही धरणं पावसाळी सहलीत पाहिलेली असतात, त्यामुळे तालुका त्यांच्या मनात हिरवागार असतो.

त्यातल्या एका गावाचं नाव मी सांगत नाही, नाहीतर सरपंचांना उगाच फोन जायचे. एक गावठाण आणि तीन पाडे. नदीकाठी विहीर, तिच्यावर पंप, टेकडीवर टाकी, आणि टाकीतून उताराने सगळीकडे पाणी. तक्रार अशी, की शेवटच्या पाड्यावर पाणी पोचत नाही. अभ्यासक्रमाला याहून सोयीची तक्रार मिळणं कठीण. मुलांनी तर एसटीत बसल्याबसल्याच निदान केलं होतं, “मॅडम, डायमीटर कमी पडतोय.”

मग ऑटो लेव्हल लावून, स्टाफ धरून, उन्हातान्हात उंच-सखलपणा मोजला. टाकीचा तळ पाड्यापेक्षा चांगला एकोणीस मीटर वर निघाला. नळातलं घर्षण वजा जाता पाड्यावर दहा-अकरा मीटर दाब उरायला हवा होता. एकमजली घराला सात मीटर पुरतो. म्हणजे कागदावर पाड्याला पाणी मिळत होतं. प्रत्यक्षात पंधरा लिटरची बादली भरायला तिथे चार मिनिटं लागत होती, आणि तीच बादली गावठाणात चाळीस सेकंदांत भरत होती. मुलं दोन दिवस कॅल्क्युलेटरवर चूक शोधत बसली.

चूक गावठाणात घरोघरी दिसत होती. तिथल्या कितीतरी घरांपुढे नळ जमिनीच्या वर नव्हताच. खड्डा खणून त्याचं तोंड दोन-अडीच फूट खाली नेलेलं, आणि तोटी काढून टाकलेली. नळ जेवढा खाली तेवढा दाब जास्त, हे द्रवगतिकी न शिकता गावानं शोधलेलं होतं. एकानं खड्डा खणला की शेजाऱ्याचा नळ बारीक होतो, मग शेजारी खणतो, आणि खड्डे असे आळीआळीनं पुढे सरकतात. तोटी नसल्यामुळे पाणी सुटल्यापासून बंद होईपर्यंत नळ वाहतच राहतो. शेवटच्या पाड्यावर पोचायला त्यातून उरणार किती? हे पहिल्यांदा ओळखलं ते परभणीकडच्या एका मुलीनं. वर्गात ती कधी बोलत नसे. इंग्रजीत उत्तर द्यावं लागेल या धास्तीनं शेवटच्या बाकावर बसे. खड्डे बघून ती हसली आणि म्हणाली, “आमच्याकडं बी असंच हाय की.” त्या दिवसापासून गटाचं पुढारपण न ठरवता तिच्याकडे गेलं. गावाहून आलेल्या मुलांना शहरी कॉलेज चार वर्षं जे विसरायला लावतं, तेच इथे कामाला येतं. माझ्या लेखी या सगळ्या उपद्व्यापाचा हा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि तो कुठल्याच मूल्यांकनाच्या तक्त्यात बसत नाही.

आता खड्डे बुजवा, तोट्या लावा, असं लिहून अहवाल संपवता आला असता. पण मुलं माणसांशी बोलायला लागली आणि घोळ झाला.

ग्रामसेवकाच्या मते प्रश्न पाण्याचा नव्हताच. पाणीपट्टी भरत नाहीत, पंपाचं लाईट बिल थकलंय, वीज तोडायची नोटीस येऊन पडली आहे, तुम्ही दाब कसले मोजताय? वॉलमनचं म्हणणं वेगळं. त्याचा पगार अडलेला, आणि शिव्या मात्र रोजच्या रोज. पंप शेतीच्या फीडरवर, त्यामुळे थ्री फेज येईल तेव्हा तो पंप चालू करणार, टाकी भरेल तेव्हा वॉल सोडणार. थ्री फेज एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. गावठाणातले म्हणाले, आम्ही पट्टी भरतो, पाड्यावरचे भरत नाहीत. आणि पाड्यावरच्या एका मावशीनं मुलांच्या हातातली प्रश्नावली बाजूला सारून सांगितलं, “कमी येतं त्याचं आमचं आम्ही बघू. कधी येतं तेवढं सांगा.”

त्यांच्याकडची बहुतेक माणसं वीटभट्टीवर नाहीतर मजुरीला जातात. पाणी एक दिवस पहाटे येतं, एक दिवस अकराला. त्यासाठी घरात एक माणूस थांबतो आणि त्याची मजुरी बुडते. मोठं माणूस थांबत नसेल तर मुलगी थांबते आणि शाळा बुडते. जल जीवन मिशनचं माणशी रोजचं प्रमाण पंचावन्न लिटर आहे. मुलांनी ते प्रश्नावलीच्या पहिल्याच रकान्यात छापून आणलं होतं. वाट बघण्यात गेलेल्या मजुरीचा रकाना कोणाकडेच नव्हता. मुलांनी रात्री शाळेच्या व्हरांड्यात बसून हिशेब मांडला, तर पाड्यावरचं ‘फुकट’ पाणी गावठाणातल्या पाणीपट्टीपेक्षा कितीतरी महाग पडत होतं.

त्या रात्री एका मुलानं विचारलं, “मॅडम, मग आपला प्रॉब्लेम नेमका कुठला?”

ब्लॅक बुकमध्ये ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट’ नावाचं एक पान असतं. बहुतेक प्रोजेक्टांत ते सर्वांत आधी आणि सर्वांत झटपट लिहिलं जातं. या गटाचं ते पान फेब्रुवारी संपेपर्यंत बदलत राहिलं. दाब, मग खड्डे, मग थकबाकी, मग वेळ. एकाच पाण्याचे चार मालक, आणि प्रत्येकाच्या हातात वेगळा प्रश्न. त्यातला कुठला सोडवायचा, हे ठरवायला कुठलंही सूत्र नाही. ठरवताना तुम्ही कोणाच्या बाजूनं उभे राहता ते उघडं पडतं. इंजिनियरला बाजू नसते, अशी आमच्याकडे समजूत आहे. ती पाठ्यपुस्तकातल्या त्या उदार माणसानंच पसरवली असावी.

मुलांनी शेवटी जे सुचवलं ते अगदी साधं होतं. वाटेत दोन वॉल बसवून गावाचे दोन भाग करायचे, पाणी आलटूनपालटून सोडायचं, आणि फीडरच्या वेळापत्रकाप्रमाणे आठवड्याच्या वेळा शाळेच्या भिंतीवर रंगवायच्या. लाईनमनकडून पुढच्या वेळा मिळवण्याचं काम वॉलमननं पत्करलं, कारण लोकांच्या शिव्या निम्म्या कमी होतील हे त्याला पहिल्यांदा पटलं. ग्रामसभेत गावठाणानं कडाडून विरोध केला. ज्यांना चाळीस सेकंदांत बादली मिळते त्यांनी विरोध करू नये, असं कोणी का समजावं? एक वॉल बसला. दुसरा ग्रामपंचायतीच्या कपाटाशेजारी गोणीत पडून आहे. पाड्यावर ठरल्या वेळी पाणी येतं, पण रोज नाही. अपयश म्हणावं की यश, यावर आमच्या स्टाफरूममध्ये अजून एकमत नाही.

याच गटातल्या दोघांना टाकीवर सेन्सर बसवून पातळी मोबाइलवर दाखवायची होती. आजकाल असल्या कल्पनांना बक्षिसं मिळतात. छत्तीस तास न झोपता प्रश्न सोडवायच्या स्पर्धा २०१७ पासून सरकारही भरवतं. त्यांना मी नावं ठेवत नाही, मुलं त्यातही शिकतात. पण छत्तीस तासांत प्रश्नाच्या मालकाची गाठ पडत नाही, पडते ती परीक्षकांची. सेन्सरची कल्पना ऐकून वॉलमन म्हणाला, “टाकी भरली की पडायचा आवाज येतो ना.” पोरं जरा हिरमुसली.

मालक असलेल्या प्रश्नावर शिकवायची ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. वैद्यकीय शिक्षणानं ती आपल्या आधी उचलली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली पहिली तुकडी अशी बसली, की तिला शरीररचनेच्या व्याख्यानांऐवजी छोट्या गटात रुग्णाची कहाणी दिली जाई आणि त्या कहाणीतून जे कळत नाही ते शोधून आणायला सांगितलं जाई. त्याच वर्षी आपल्याकडे सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिराला राहते आणि विद्यार्थ्यांना वाटून दिलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहते. जगभर मॅकमास्टरचं नाव झालं. मला मात्र सेवाग्रामची तऱ्हा अधिक अवघड आणि अधिक खरी वाटते. कागदावरचा रुग्ण कितीही गुंतागुंतीचा केला तरी तो दार लावून घेत नाही, की ‘परवा या, आज लग्नाला जायचंय’ म्हणत नाही. डेन्मार्कमधल्या आलबोर्ग विद्यापीठात १९७४ पासून सत्राचा साधारण निम्मा वेळ गटानं करायच्या प्रकल्पाला दिला जातो. निम्मा! आमच्याकडे प्रोजेक्टला वेळापत्रकात जे तास असतात, ते बहुतेकदा राहिलेला पोर्शन भरून काढण्यात जातात.

आपल्याकडे वर्ध्याला १९३७ साली नई तालीमचा विचार मांडला गेला, कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ चालवून दाखवलं, आणि १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग पाबळला जाऊन राहिले. हे गृहस्थ हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. शाळेत नापास झालेल्या पोरांना त्यांनी वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं हातांनी शिकवलं, आणि गावाला लागणारी कामं करून देणं हा त्या शिक्षणाचाच भाग ठरवला. आपण केलेलं फाटक लागतं की नाही, हे सांगायला तिथे परीक्षक लागत नाही. फाटकाचा मालक सांगतो. आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून आहे. तिथले प्राध्यापक मिलिंद सोहोनी आणि त्यांचे सहकारी पाणी, एसटी, पंप असले विषय अभियांत्रिकीच्या वर्गात आणा म्हणून वर्षानुवर्षं मागे लागले. २०१६ साली राज्य सरकारनं ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केलं, त्यात जिल्ह्याच्या कॉलेजांनी जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासावेत अशी कल्पना होती. माझ्यासारख्या साध्या कॉलेजातल्या बाईला या कामासाठी प्राचार्यांपुढे ठेवायला एक शासन निर्णय मिळाला, हा त्याचा उपयोग मी तरी कधी विसरणार नाही.

पण यात सोंगंही फार. कृषी महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षाला मुलं गावात राहून काम करतात, ही खरं तर उत्तम व्यवस्था. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर मात्र तिचा एकच फोटो येतो. कृषिकन्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवताहेत आणि तीस-चाळीस वर्षं पेरणी करणारे आजोबा हात बांधून बघताहेत. त्या आजोबांच्या चेहऱ्यावरचा सोशिकपणा मी पाड्यावरही पाहिला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं आता फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट दिली आहेत. क्रेडिट आली की सगळी कॉलेजं येणार. एकाच पाड्यावर चार कॉलेजांच्या चार प्रश्नावल्या, आणि ‘तुमच्याकडे शौचालय आहे का’ हे त्याच बाईला चौथ्यांदा विचारणं. गाव म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, हे वाक्य आम्ही शिक्षक व्यासपीठावरून म्हणतो, आणि तारखा मात्र आपल्याच सोयीनं ठरवतो.

तारखांचंच बघा. पहिलं सत्र जुलै ते नोव्हेंबर. तेव्हा शहापूरला पाणीच पाणी, ओढ्यांना पूर, विहिरी काठोकाठ. मुलांना टंचाई दिसणार कुठून? दुसरं सत्र जानेवारीत सुरू होतं आणि विहिरी तळ गाठतात तो एप्रिल-मे, म्हणजे सबमिशन, व्हायवा आणि लेखी परीक्षांचा काळ. टँकर ज्या आठवड्यात पाड्यावर येतो, त्याच आठवड्यात माझी मुलं हॉलमध्ये बसून काल्पनिक गावाला पाणी पुरवत असतात. पुढे सुट्टी. जूनमध्ये पाऊस आला की गाव विसरतं, आणि जुलैमध्ये नवी तुकडी येते, तिला पुन्हा हिरवागार तालुका दिसतो. गावाचा प्रश्न आणि विद्यापीठाचं कॅलेंडर एकमेकांना इतके सफाईनं चुकवतात, की कोणी मुद्दाम आखलं असावं. आम्ही यावर तोडगा म्हणून दोन तुकड्यांची साखळी केली. जाणारी तुकडी येणाऱ्या तुकडीला गावात नेऊन माणसांशी ओळख करून देते, आणि परीक्षा संपल्यावर ज्यांना जमेल ते मेमध्ये पाणी मोजायला जातात. त्या मोजणीला मार्क नाहीत, तरी मुलं जातात. सगळी नाही, निम्मीही नाही. पण ज्या प्रश्नाच्या मालकिणीनं तुम्हाला घरी नेऊन चहा पाजला आहे, त्याचं मेमध्ये काय झालं हे बघावंसं काहींना तरी वाटतं.

मार्कांचं कोडं मला सुटलेलं नाही. ज्या गटाच्या गावात वॉल बसला तो हुशार, आणि ज्यांच्या ग्रामसभेत भांडण होऊन ठराव बारगळला तो ढ, असं कसं म्हणायचं? गटात एक जण नुसता फोटो काढत हिंडतो, त्यालाही बाकीच्यांइतकेच मार्क मिळतात, आणि त्याला ढकलत नेणं हेही शिक्षणच, असं मी मुलांना सांगते. त्यांना ते पटत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. एका व्हायवाला एक्स्टर्नलनी विचारलं, “यात डिझाइन कुठं आहे?” परभणीकडच्या त्या मुलीनं वेळापत्रकाचा कागद पुढे केला. सर बराच वेळ कागद उलटसुलट करून बघत होते.

एक नियम मात्र मी सोडत नाही. अहवाल दोन करायचे. विद्यापीठाला इंग्रजी ब्लॅक बुक, आणि गावाला चार पानांचा मराठी अहवाल, जो ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवायचा. दुसरा लिहिताना मुलांची खरी परीक्षा होते. इंग्रजीत ‘इनइक्विटेबल डिस्ट्रिब्युशन’ लिहून मोकळं होता येतं. मराठीत, समोर गावठाण आणि पाडा एकाच सतरंजीवर बसलेले असताना, कोणाच्या नळाला किती पाणी येतं ते आकड्यांत म्हणावं लागतं. वाचताना मुलांचा आवाज कापतो, कोणीतरी मागून ओरडतं, आणि आकडा चुकला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो. आमच्या अंतर्गत तपासणीत इतक्या बारकाईनं कोणी वाचत नाही.

यंदा त्या गावाकडून आपणहून निरोप आला. दुसऱ्या वॉलबद्दल अवाक्षर नाही. पंपाचं लाईट बिल निम्म्यावर कसं आणायचं तेवढं मुलांना बघून द्यायला सांगा, असं सरपंचांचं म्हणणं. पंप जुना आहे, गरजेपेक्षा मोठा बसवलेला असावा, की मीटरच चुकीचं आहे, कोण जाणे. हा माझा विषय नाही. मी निरोप घेऊन इलेक्ट्रिकलच्या विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग डायरी काढली आणि विचारलं, हे नेमकं कुठल्या विषयाच्या टर्मवर्कमध्ये बसवायचं? आम्ही दोघं सध्या ते शोधतो आहोत. त्यांची तीन मुलं मात्र आमच्या मुलांबरोबर शनिवारच्या एसटीनं जाऊन पंपाची नेमप्लेट उतरवून घेऊन आली आहेत.